नऊ सेकंदांचं रडणं

केदारखेड्याच्या बसथांब्यावरून गावात वळलं की डाव्या हाताला ख्वाजामियाँचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मधे गाद्या भरायची मोकळी जागा आणि मागे राहायच्या तीन खोल्या. सगळ्यात मागची खोली त्यांच्या मुलाची, जीशानची. त्याला मी पाचवी ते आठवी मराठी शिकवलं. आज तो चोवीस वर्षांचा आहे. दुकानात बापाच्या बरोबरीनं काम करतो, हातात दाभण घेऊन गादीला असे सरळ टाके घालतो की बघत राहावं. पण गावात त्याची ओळख होती ती 'गेम खेळणारा' म्हणून.

त्याच्या खोलीच्या तीन भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या असत. आवाज घुमू नये म्हणून. चौथी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. तिथं फळ्यांवर कॉम्प्युटर, माइक आणि तारांचा गुंता. रजई लावायला जागाच नव्हती. या खोलीत बसून तो 'रिकामटेकडा गेमर' नावाचं चॅनल चालवायचा. बघणारे पन्नास-साठ, त्यात मीही. मला गेममधलं काही कळत नाही, पण जीशानचं बोलणं ऐकायला आवडायचं. शाळेत निबंधाच्या वहीत तो विषय सोडून भलतंच काही तरी लिहायचा, तसंच हे होतं.

एकदा तो म्हणाला होता, "या गेममधला एक म्हातारा आठ वर्षांपासून पुलावर उभा आहे. कोणीही जवळ गेलं की म्हणतो, आज वारा फार आहे. लाखो लोक त्याच्याजवळून गेले. बाबा, घरी कधी जातोस, असं त्याला कोणी विचारूच शकत नाही. तसं बटणच न्हाई." दुसऱ्या वेळी त्यानं इंटरनेटवरचं कुणाचं तरी लग्नाचं पान शोधून काढलं. लग्नाला किती दिवस उरले ते मोजणारा आकडा त्यावर होता. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पान बंद करायचं राहून गेलं, आणि आकडा आपला उणे सात हजारांवर जाऊन अजून मोजतोच आहे. परदेशातल्या कुठल्या तरी बंदरावर एका बाकाकडे तोंड करून कॅमेरा लावलेला आहे, दिवसभर तो बाक दिसतो, आणि जगभरातून सातजण तो बघत असतात. "त्या सातातला एक मी," असं जीशान सांगायचा. "बाकीचे सहा कोण असतील? त्यांना बी घरी काम न्हाई का?"

चॅनलवर कधीच न सांगितलेली एक गोष्ट त्यानं मला फार नंतर सांगितली. यातले निम्मे विचार त्याचे नव्हतेच. ते कडूबांचे होते.

कडूबा म्हणजे त्या चौथ्या भिंतीपलीकडचे. शेतकरी माणूस, चार एकर जमीन, साठी ओलांडलेली. त्यांची बायको सगुणाबाई. मुलगा भारत जालन्याला सळयांच्या कारखान्यात, सून शीतल आणि नात त्याच्यासोबत तिकडेच. इथं ही दोघंच. शेतातून आले की कडूबा चहा पिऊन सरळ जीशानच्या खोलीत येऊन बसायचे. पायाखाली धोतराचा सोगा दाबून पडद्याकडे बघत राहायचे आणि मधेच विचारायचे, "जिशान, ह्या एवढ्या मोठ्या गावात एक बी चूल कशी न्हाई रे? खातात काय हे लोकं?" किंवा, "ह्यो माणूस सकाळपास्नं पळून राह्यला. ह्याला तहान लागत न्हाई का?" जीशान हसायचा, आणि चार दिवसांनी तेच चॅनलवर स्वतःचं म्हणून बोलायचा. पुलावरच्या म्हाताऱ्याचा तो प्रश्नही कडूबांचाच.

सगुणाबाई कधी खोलीत यायच्या नाहीत. त्यांचा आवाज यायचा. आवाज म्हणजे कसा, त्या अंगणातून म्हशीला ओरडल्या की शाळेत माझा वर्ग हसायचा. जीशान खेळता खेळता मोठ्यानं बोलायला लागला की भिंतीपलीकडून हाक यायची, "जिशान्या, कोणाशी भांडून राह्यला रे? माईला बोलवू का तुझ्या?" मैमूनाबी इकडून उत्तर द्यायच्या, "बुलाव सगुणाबाई, मेरी तो सुनताच नहीं." दोघींचं असं भिंतीवरून दिवसभर चालायचं.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली दुपार. कडूबा गव्हाला पाणी देऊन आले, दारातल्या ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं. सगुणाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या तोवर ते एका अंगावर कलंडले होते.

त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे जीशान कानाला हेडफोन लावून खेळत होता. खेळात तो शेवटच्या दोरीच्या पुलावर पोहोचला होता. तिथवर यायला त्याला सोळा दिवस लागले होते. पूल तुटला, त्याचा गडी दरीत पडला. जीशाननं कपाळावर हात मारला, शिवी हासडली आणि परत पहिल्यापासून खेळ सुरू केला. बाहेरचं त्याला काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं मैमूनाबींनी मागून येऊन त्याचा हेडफोन ओढून काढला. "कडूबाभाई गुजर गए. उठ जल्दी."

त्यापुढचं सगळं त्यानं घरच्या मुलासारखं केलं. भारत जालन्याहून येईपर्यंत तो सगुणाबाईंच्या दारातून हलला नाही. लाकडं आणली, खांदा दिला. दहाव्याला खुर्च्या लावल्या, तेराव्याला पंगतीत पाण्याचे जग फिरवले. मी स्वतः पाहिलंय. म्हणून पुढचं ऐकलं तेव्हा माझा आधी विश्वास बसला नाही.

पाचव्या दिवशी त्यानं त्या दुपारचं रेकॉर्डिंग उघडलं होतं. दरीत पडल्याचा भाग चॅनलसाठी कापून घ्यावा म्हणून. पडद्यावर पूल तुटला, गडी हवेत हातपाय झाडत खाली गेला आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीपलीकडून माइकमध्ये शिरलेला आवाज आला. "गेलं गं बाई! गेलं! माझं सगळं गेलं!"

"बाई, मला हसू आलं," तो मला म्हणाला होता. "आधी हसू आलं, मंग कळलं कोणाचा आवाज हाय. न्हाई, खोटं कायला बोलू. कळल्तं. कळलं आन् हसू आलं, दोन्ही एकदमच."

त्यानं तेवढाच तुकडा कापला. नऊ सेकंद. कोणी ओळखू नये म्हणून आवाज जरा बारीक केला, थोडा पळवला. त्यामुळे तो आणखीच गमतीदार झाला. खाली लिहिलं, 'हरल्यावर प्रत्येक गेमर'. आठ दिवस तो तुकडा त्याच्याकडे तसाच पडून होता. रोज एकदा तो उघडून बघायचा आणि बंद करायचा. मग तेराव्याचं जेवण सगुणाबाईंच्या अंगणात जेवून तो घरी आला आणि हात धुऊन त्यानं तो तुकडा चॅनलवर टाकला.

का टाकला, हे त्यानं मला तीन वेगवेगळ्या वेळी तीन प्रकारे सांगितलं. एकदा म्हणाला, वाटलं पन्नास जण बघतील आणि विसरतील. एकदा म्हणाला, चार वर्षं डोकं लावून बोललो, कोणी ऐकलं न्हाई, त्याचा राग होता. तिसऱ्यांदा म्हणाला, "टाकावं वाटलं म्हणून टाकला, बाई. बाकीचं मी मागून शोधलेलं हाय."

दोन दिवसांत तो तुकडा एक लाख लोकांनी पाहिला. आठवड्यात नऊ लाख. लोकांनी नुसता आवाज उचलला आणि आपापल्या चित्रांना लावला. कुणाची भाकरी चुलीत पडली, गेलं गं बाई. कुणाची बस सुटली, गेलं. मांजर पाण्यात पडलं, सगळं गेलं. उन्हाळ्यात भोकरदनकडच्या एका लग्नात डीजेनं त्यावर ठेका बसवून वाजवला आणि पोरं नाचली. आमच्या शाळेच्या मैदानावर कोणी आउट झालं की सगळा संघ एका सुरात ओरडायचा, "माझं सगळं गेलं!" मी व्हरांड्यात उभी राहून हसायचे. मी तो तुकडा माझ्या बहिणीला पाठवला, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. ज्या आवाजानं माझा वर्ग एवढी वर्षं हसत होता, तो मला ओळखू आला नाही.

जीशानला अनोळखी लोक लिहून विचारायचे, ही मावशी कोण? एकच नंबर आहे. त्यानं उत्तर ठरवून टाकलं होतं. जुन्या कुठल्या तरी पिक्चरमधला आवाज आहे, नाव आठवत नाही. हे उत्तर त्यानं इतक्या वेळा लिहिलं की फोन ते स्वतःच पुरं करून द्यायला लागला.

मैमूनाबींना पोराचं काही तरी बिनसलंय हे जाणवलं होतं. तो ताटावरून लवकर उठायचा. पलीकडे सगुणाबाई खोकल्या तरी दचकायचा. चॅनलवर बोलायचं त्यानं बंद केलं. इकडे लोक नव्या गमतीदार तुकड्यासाठी त्याच्या मागे लागलेले, आणि तो खोलीत बसून तुकडा काढून टाकायच्या बटणावर बोट नेऊन परत आणायचा. उद्या काढू, असं म्हणत त्यानं मार्च, एप्रिल आणि अर्धा मे घालवला.

मेच्या मधल्या आठवड्यात सगुणाबाई दुकानात आल्या. शीतलला आठवा महिना लागला होता, बाळंतपण यंदा सासरीच करायचं ठरलं होतं. घरातल्या दोन गाद्या दगडासारख्या झाल्या होत्या, त्या पिंजून नव्यानं भरून हव्या होत्या. त्या पायरीवर बसल्या आणि ख्वाजामियाँशी कापसाबद्दल बोलू लागल्या. जीशान आत एका गादीला टाके घालत होता. बाकावर हसनाबादचा एक गिऱ्हाईक गादी व्हायची वाट बघत मोबाइल चाळत होता. त्याच्या फोनमधून एकदम तो आवाज आला.

गिऱ्हाईक खो खो हसला. परत लावला. सगुणाबाई बोलता बोलता थांबल्या.

"कोण हाय रे ही बाई?" त्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई मावशी, गेममधलं हाय. मजाक."

"परत लाव बरं."

त्यानं लावला. सगुणाबाई मान कलती करून ऐकत राहिल्या. जीशानच्या हातातली दाभण कापडात अर्धी शिरून तिथंच थांबली होती.

"मजाक न्हाई ही," सगुणाबाई म्हणाल्या. "मजाकीत असा दम सुटत न्हाई. कोणतरी गेलंय तिचं. बघ ना, शेवटाला श्वास कसा अडकला." मग त्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाल्या, "कोण गेलं रे तिचं? त्यात लिव्हलं न्हाई का?"

गिऱ्हाईक वरमला. त्यानं फोन खिशात घातला. सगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि ख्वाजामियाँना म्हणाल्या, "बिचारी. आपल्यावरनं कळतं."

जीशान उठून मागे गेला. त्यानं त्याच क्षणी तुकडा काढून टाकला. मग तोच आवाज शोधला. चार हजारांवर लोकांनी तो आपापल्या नावानं टाकलेला होता. आपला काढून काहीच फरक पडला नाही, हे त्याला बसल्या जागी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. सुट्टी लागलेली होती, मी पापड वाळत घालत होते. तो दारातच उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं, मी वर सांगितलं त्या क्रमानं नाही, उलटसुलट, मधेच थांबत. मी ऐकत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, माझ्या फोनमध्ये तो तुकडा अजून आहे. मला त्याला रागवायचं होतं. मास्तरणीला ते सहज जमायला हवं. पण मी पापड उलटत राहिले.

"आता मी काय करू बाई?"

"त्यांना सांग," मी म्हणाले. दुसऱ्याला असं सांगताना काहीच लागत नाही.

त्यानं आधी आईला सांगितलं. मैमूनाबींनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या. मग उठून म्हणाल्या, "चल. मैं बी आती." मला निरोप आला म्हणून मीही गेले. म्हणजे मी पाहिलेलं सांगतेय.

सगुणाबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला तिघांना एकदम बघून त्या हसल्या, "काय, वरात घेऊन आले का?" जीशान त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसला.

"मौसी, काल दुकानात तुम्ही जो आवाज ऐकला ना, तो तुमचा हाय."

"माझा?"

"कडूबामामा गेले त्या दिवशी माझा माइक चालू होता. भिंतीतून आला. मी तो कापून चॅनलवर टाकला. लोकांना हसायसाठी."

सगुणाबाईंचा हात सुपात तसाच राहिला. त्यांना समजायला वेळ लागला.

"ऐकव," त्या म्हणाल्या.

"नको मौसी."

"ऐकव म्हणते ना."

त्यानं ऐकवला. बारीक केलेला, पळवलेला नव्हे, मूळचा. नऊ सेकंद. संपल्यावर त्या म्हणाल्या, "मी अशी ओरडले? मला तर काहीच आठवत न्हाई. मला वाटलं माझ्या तोंडातून आवाजच निघाला न्हाई." मग जरा वेळानं, "किती लोकांनी ऐकलं हे?"

"लई लोकांनी."

"आन् हसले?"

"हौ."

"तू बी हसला?"

माझ्या शेजारी मैमूनाबींनी डोळे मिटून घेतले. जीशानला नाही म्हणता आलं असतं. त्या क्षणी मला वाटलं, तो नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर म्हणावं असंही वाटलं.

"हसलो," तो म्हणाला. "सगळ्यात आधी मीच हसलो."

सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या. पदर सावरून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आतून कडी घातल्याचा आवाज आला तेवढाच.

दोन दिवसांनी भारत आला. मोटारसायकल लावून तो सरळ दुकानात शिरला आणि जीशानची कॉलर धरून त्याला कापसाच्या ढिगावर ढकललं. ख्वाजामियाँ मधे पडले नाहीत, नुसतं यंत्र बंद केलं. भारतनं हात उगारला, आणि तसाच खाली सोडला. तोही त्या कापसात बसला.

"मी बी पाठवला रे," तो म्हणाला. "कारखान्यातल्या ग्रुपवर. तीन महिने चालू हाय ते. एकजण रजेचा अर्ज नामंजूर झाला की लावतो, सगळे हसतात. मी बी हसलो." त्यानं जीशानकडे पाहिलंच नाही. "माझी माय रडून राह्यली, आन् मला तिचा आवाज कळला न्हाई."

जीशान त्याला सांगू लागला, मी आवाज बदलला होता, म्हणून कळला नाही. भारत म्हणाला, "गप."

त्यानंतर जीशाननं तो आवाज पुसायचा उद्योग सुरू केला. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा तो फोन घेऊन बसायचा आणि एकेकाला लिहायचा. पहिल्यांदा नम्रपणे, कृपया काढा, ही खरी बाई आहे. काहींनी काढला. नांदेडच्या एका मुलीनं काढून वर माफीही मागितली, तिची स्वतःची आजी नुकतीच गेली होती. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. काहींनी लिहिलं, भाऊ, एवढं काय मनावर घेतो. एकानं त्याच्या विनंतीचाच फोटो काढून त्यावर तो आवाज लावून टाकला. तक्रारीचे अर्ज भरून भरून त्यातली इंग्रजी वाक्यं त्याला पाठ झाली. पाचशेच्या आसपास प्रती गेल्या असतील. तेवढ्यात नव्या किती आल्या, हे त्यानं मोजणं सोडून दिलं.

चॅनलवर खरं सांगावं का, हे विचारायला तो सगुणाबाईंकडे गेला होता. त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. "माझं नाव घेऊ नको. गावाचं बी घेऊ नको," एवढंच म्हणाल्या. म्हणून त्यानं नाव न घेता सांगितलं. पडद्यावर खेळ नव्हता, नुसता तो. म्हणाला, "तो आवाज पिक्चरमधला न्हाई. मी खोटं बोललो. एका बाईचा नवरा त्या वेळी गेला होता आणि मला ते माहीत होतं. अजून एक, मी इथं जे शहाणपणाचं बोलायचो ना, त्यातलं बरंच त्याच माणसाचं होतं." हे दोनशे दहा लोकांनी पाहिलं. तुकडा पाहणारे तोवर तीस लाखांवर गेले होते.

मीही माझ्या बहिणीला आणि ग्रुपला सगळं लिहून कळवलं. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि विषय बदलला. शाळा उघडल्यावर मी मुलांना मैदानावर थांबवून सांगितलं, हे ओरडायचं नाही. "का बाई?" त्यांनी विचारलं. मी कारण सांगू शकत नव्हते. "मी सांगते म्हणून," असं म्हणाले, आणि ते असल्या कारणाला जेवढी किंमत देतात तेवढी त्यांनी दिली. पावसाळ्यात दुसरंच काही तरी आलं आणि त्यांनी हे आपोआप सोडलं.

जुलैत शीतलला मुलगा झाला. बारशाला अंगणात मांडव घातला होता. मैमूनाबी सकाळपासून तिथंच राबत होत्या, त्या दोघींचं बोलणं तुटलं नव्हतं. फक्त आता ते भिंतीवरून होत नसे. काही सांगायचं असलं की सगुणाबाई फिरून पुढच्या दारानं यायच्या, मैमूनाबींच्या जवळ येऊन हळू सांगायच्या आणि जायच्या. म्हशीला हाकायचं तर जवळ जाऊन तिच्या पाठीवर थाप मारायच्या. हे आम्हाला एकदम लक्षात आलं नाही. हळूहळू आलं.

जीशानला बोलावणं होतं. भारतनं स्वतः येऊन सांगितलं होतं, "ये," आणखी काही नाही. तो आला, खुर्च्या मांडू लागला. सगुणाबाईंनी त्याच्या हातात चहाच्या कपांचा ट्रे दिला आणि म्हणाल्या, "पाव्हण्यांना दे." दोन महिन्यांत त्या त्याच्याशी बोललेलं एवढं एकच मी ऐकलं.

पाळण्याची वेळ झाली. बायका भोवती जमल्या. आमच्या गावात कुणाचंही बारसं असो, पाळणा सगुणाबाईंनीच म्हणायचा, हे ठरलेलं. माइक लागत नसे. गल्लीतल्या गिरिजाबाई म्हणाल्या, "चल गं सगुणा, घे." सगुणाबाईंनी पाळण्याची दोरी धरली, तोंड उघडलं. मांडवाच्या कडेला चार-पाच जणांनी फोन वर धरले होते, बाळाचे फोटो काढायला. सगुणाबाईंची नजर त्यांच्यावर गेली. त्यांनी तोंड मिटलं.

"घसा बसलाय," त्या पुटपुटल्या. "तुम्हीच म्हणा कोणी."

गिरिजाबाईंनी आग्रह केला, "असं कसं, नातवाला आज्जीनंच म्हणायचं." सगुणाबाईंनी मान हलवली आणि दोरी शीतलच्या हातात दिली. मग गिरिजाबाईंनीच कसाबसा पाळणा म्हटला, मधल्या दोन ओळी विसरून.

जीशान मांडवाच्या खांबाजवळ रिकामा ट्रे घेऊन उभा होता. पाळणा संपेपर्यंत तो हलला नाही. मग ट्रे खुर्चीवर ठेवून तो बाहेर पडला आणि आमच्या शाळेच्या कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला तो मांडवातून दिसत होता. त्याच्याजवळ जावं असं वाटलं, दोन पावलं मी गेलेही. पण मी परत फिरले, सगुणाबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती तिथं जाऊन बसले आणि बाळाचं टोपडं नीट करत राहिले.